सुगीचं माप, मेंढरांचं खत, सावड: पैशाशिवायचे व्यवहार तुमच्याकडे अजून कुठे चालतात?

ओढाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

वस्तुविनिमय म्हटलं की शाळेतला धडा आठवतो. आधी लोक वस्तू देऊन वस्तू घेत, त्यात फार अडचण होती, म्हणून पैसा आला. ती अडचण 1875 मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने नेमकी मांडली होती. माझ्याकडे ज्वारी आहे आणि मला वहाण हवी आहे, पण चांभाराला आज ज्वारी नकोच असेल तर सौदा होणार कसा?

आपल्या गावांत मात्र हा प्रश्न अशा रीतीने येतच नव्हता. वहाण श्रावणात मिळायची आणि ज्वारी माघ-फाल्गुनात खळ्यावर मापून दिली जायची. मधले महिने हिशेब माणसांच्या डोक्यात असायचा. दोन अनोळखी माणसं बाजारात समोरासमोर उभी राहून अदलाबदल करताहेत, हे चित्र मला आमच्या भागातल्या कुठल्याच व्यवहाराला लागू पडताना दिसत नाही. एकमेकांना पुन्हा भेटणं ज्यांना चुकणारच नाही अशा माणसांमधली ती उधारी होती. मला वाटतं, पैशावाचून व्यवहार टिकतात ते याच जमिनीवर.

धागा काढण्याचं कारण असं की यातलं बरंच काही अजून जिवंत आहे, पण कोणी ते नोंदवत नाही. भात गिरणीत भरडून घेताना गिरणीवाला कोंडा ठेवून घेतो आणि त्या बदल्यात भरडाई सोडतो किंवा कमी घेतो. घाण्यावर करडईचं तेल काढून घेतलं की पेंड तेल्याकडे राहते. भुईमूग काढायला आलेल्या बायका शेंगांत वाटा घेतात, आणि शेंगेचा भाव चढा असला तर रोजापेक्षा वाट्यावरच यायला बघतात. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवायचा आणि त्यांच्याकडचं कार्य आलं की ती वही काढून बघायची, हेही याच घरातलं.

तुमच्या भागात काय आहे? ऐकीव नको. स्वतःच्या घरात, शिवारात, आळीत पाहिलेलं सांगा. दर कोण ठरवतं, माप कोणाचं असतं, आणि एखाद्याला व्यवहार नको असला तर तो काय करतो, हे तीन तपशील जरूर द्या.

---

माणदेशी_वाडा

मेंढरं बसवणं. हे अजून चालू आहे आणि मी त्यातच वाढलोय.

आमच्याकडं माण-खटाव, फलटण, पलीकडं बारामतीचा कोरडा भाग, इथले वाडे दिवाळी झाली की निघतात. वाडा म्हणजे एकत्र चालणारी चार-सहा बिऱ्हाडं, घोडी, कुत्री आणि सगळ्यांची मेंढरं. बरेच वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळा लागायच्या आत परत वर येतात. कोकणातल्या पावसात मेंढरू टिकत नाही, खूर कुजतात. आणि उन्हाळ्यात आमच्या माळावर चारा नसतो.

भात निघालं की तिथली खाचरं मोकळी असतात. शेतकरी येऊन सांगतो, आमच्यात दोन राती बसवा. संध्याकाळी वाघर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती जाळं उभं करायचं. रातभर मेंढरं तिथंच. लेंडी पडते आणि मूतही जिरतं, त्यामुळं उकिरड्यातनं खत आणून पसरण्याचे कष्ट वाचतात. दुसऱ्या राती वाघर सरकवायची, म्हणजे सगळं रान भरून निघतं. याच्या बदल्यात भात मिळतं. देशावर ज्वारी किंवा बाजरी.

धागाकर्त्यांनी विचारलंय दर कोण ठरवतं. आमच्यात वाड्याचा कारभारी बोलतो. मेंढरं किती, राती किती, भात किती, हे वाघर लावायच्या आधी ठरतं. माप शेतकऱ्याचं असतं, पण आमच्या बाया माप भरताना समोर बसतात. कुठं शीग लावून देतात, कुठं सपाट, आणि कोण कसं देतो हे पुढल्या वर्षापर्यंत ध्यानात राहतं. पटलं नाही तर वाडा पुढल्या गावाला सरकतो. शेतकऱ्यालाही मोकळीक असते, त्याच वाटेनं चार दिवसांत दुसरा वाडा येतोच. म्हणून तर दोन्हीकडची बोली नीट राहते.

खाऊन उरलेलं भात विकून पैसा होतो. मीठमिरची, औषधं, पोरांची वह्या-पुस्तकं याला पैसाच लागतो, तिथं भात चालत नाही. आता पुष्कळ ठिकाणी शेतकरी रोखच देतात. बागाईत वाढलं तसं मोकळं रान कमी झालं, रासायनिक खत सोसायटीत उधारीवर मिळायला लागलं. लोकरीला तर कोणी विचारत नाही, कातरणीची मजुरी सुटत नाही. पण शेणखताचा भाव बघून गेल्या काही वर्षांत लोक परत हाका मारायला लागलेत, हे मला लई बरं वाटतं.

---

खाडीपलीकडे

वरच्या प्रतिसादातलं भात आमच्याकडचं असेल! मी रायगडची, खाडीच्या आतल्या अंगाला घर.

आमच्याकडे सुकी मासळी आणि भात यांचा व्यवहार असायचा. आगोटीची भरणी करायची म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं घरात हवं: सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा, मीठ, कांदे. पावसात होड्या ओढलेल्या, ताजी मासळी नाही. मे महिन्यात शेतकऱ्याकडे पैसा नसतो आणि भातही संपत आलेलं असतं. किनाऱ्यावरच्या बायका पाट्या घेऊन यायच्या, ठरलेल्या घरी ठरलेली मासळी टाकायच्या, आणि भात झोडून झालं की मार्गशीर्षात पुन्हा येऊन पायलीने भात न्यायच्या. मधे पाच-सहा महिने सगळं तोंडी.

त्यांची घरं वाटून घेतलेली असत. आमच्याकडे जी यायची, तिच्या सासूचंही आमचंच घर. एका वर्षी भात गेलं तर पुढच्या वर्षी दोन्हींचं मिळून न्यायची. हे मी पाहिलेलं आहे. तिने दाराशी बसून कधी तगादा लावला नाही, आणि आजीने नवं भात घरात आलं की आधी तिचं माप बाजूला काढलं.

आज गावात बर्फातली मासळी टेम्पोने येते, रोख पैसे. सोय झाली हे खरंच. पण आमची खाचरं पडीक पडली, बरीच विकली गेली, त्यामुळे द्यायला भातच उरलं नाही. पैसा आला म्हणून हा व्यवहार बंद झाला असं मला वाटत नाही. देण्यासारखं जे होतं ते संपलं.

---

निळी_शाई

धागा वाचतोय. माणदेशी_वाडा आणि खाडीपलीकडे यांनी लिहिलेलं मनापासून आवडलं. पण पहिल्या लेखातलं खळ्यावरचं माप तसंच पुढे जाऊ देता येत नाही.

बलुतं हीदेखील पैशाशिवायचीच व्यवस्था होती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना कामाच्या बदल्यात धान्य. त्याच यादीत महार आणि मांग. आता काम कोणतं ते बघा. सरकारी टपाल पोचवणं, चावडीवर हजर राहणं, सरहद्दीच्या भांडणात साक्ष, मर्तिकाचा सांगावा घेऊन मैलोगणती चालणं, मेलेलं ढोर ओढणं. वेळ ठरलेली नाही, कामाची सीमा ठरलेली नाही. बदल्यात खळ्यावर शेवटी उरलेलं धान्य आणि दारोदार फिरून मागितलेली भाकर. माझ्या आजोबांनी येसकरकी, म्हणजे गावच्या वेशीची राखण, केली. घरात त्याबद्दल कौतुकाने बोलणारं कोणी नव्हतं.

धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: व्यवहार नको असला तर काय? मेंढरांचा वाडा पुढच्या गावाला जाऊ शकतो. येसकर जाऊ शकत नव्हता. 1874 च्या मुंबई वतन कायद्याने ती सेवा पिढीजात करून ठेवली होती. नाही म्हटलं की बलुतं बंद, विहीर-वाट बंद, बहिष्कार.

म्हणूनच 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्यातल्या मागण्या आजच्या चर्चेसाठी मुद्दाम वाचण्यासारख्या आहेत. वतनाच्या सेवेतून सुटण्याची मोकळीक मिळावी, कर्तव्यं कोणती ते नेमकं ठरावं आणि बलुत्याचं रूपांतर रोख करात व्हावं. म्हणजे धान्याऐवजी पैसा हवा, ही त्यांची मागणी स्वातंत्र्याची मागणी होती. विधेयक त्या वेळी मंजूर झालं नाही. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 साली.

आमच्या घरातला पहिला रोख पगार मुंबईच्या गिरणीतला. तिथेही विणखात्यात आमच्या लोकांना घेत नसत, धोट्याला धागा तोंडाने ओढून लावावा लागे म्हणून. भेदभाव तिथेही होताच. पण महिनाअखेरीस हातात आलेल्या रुपयावर कोणाचा उपकार लिहिलेला नव्हता. त्या रुपयाने पुस्तकं घेता आली.

तेव्हा पैशाशिवायचे व्यवहार जरूर नोंदवा. पण दर ठरवणारा एकच असेल आणि दुसऱ्याला उठून जायची मुभा नसेल, तर त्याला देवाणघेवाण म्हणू नका.

---

ओढाकाठ (धागाकर्ता)

निळी_शाई, हे इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. तुमची कसोटी मी या धाग्यापुरती उचलतो: दोघांनाही नाही म्हणता येतं का?

याच कसोटीवर सावकाराकडची सवाई-दिढीही बाद होते. आषाढात घरातलं धान्य संपलं की मणभर न्यायचं आणि सुगीला सव्वा मण किंवा दीड मण परत करायचं. त्यातही नाणं कुठेच नव्हतं. आदिवासी पट्ट्यात खावटीच्या नावाने हेच चाले. नाही म्हणणाऱ्याच्या घरात चूल पेटत नसे, मग तो नाही म्हणणार कसा?

इथून पुढच्या प्रतिसादांत ही बाजूही यावी अशी विनंती.

---

आवणी

मावळातून लिहितेय. आमच्याकडे सावड.

आषाढात आवणीची घाई असते. रोप योग्य वयाचं असताना आणि खाचरात पाणी असताना लावणं उरकावं लागतं, चार दिवस मागेपुढे झाले तर उतारा घटतो. एका घरच्या दोन-तीन बायकांच्याने ते होत नाही. मग सहा-सात घरं मिळून आज यांचं, उद्या त्यांचं. दिवसाला दिवस फेडायचा. ज्याच्या शेतात काम, त्याच्याकडे जेवण. बैलांचंही तसंच: दोन घरी एकेक बैल असला की दोघांची मिळून जोडी, आणि औत दोन्ही रानांत. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात खाचरं बांधायला अशीच पडकई असते, देशावर नांगरटीसाठी इर्जिक. सगळ्या गावाची औतं एका शेतात उतरायची आणि संध्याकाळी गोडाचं जेवण.

कसोटी लावून बघते. नाही म्हणता येतं का? येतं. पण ज्याची जमीन मोठी, त्याच्याकडे जास्त दिवस जातात. म्हणून आमच्या बायका क्षेत्र बघूनच गट करतात, सारखी सारखी घरं एकत्र. मोठ्या खातेदाराला सावडीत घेत नाहीत, त्याने रोजाने माणसं लावावीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही पण पक्का आहे. आणि ज्या बाईला स्वतःची जमीनच नाही तिला सावडीचा काही उपयोग नाही. तिला मजुरी रोखच द्यावी लागते आणि दिलीच पाहिजे.

घरात कोणी आजारी पडलं, बाई बाळंत झाली, तर त्या वर्षी तिची आवणी बाकीच्या करून टाकतात. ते दिवस पुढच्या वर्षावर जातात, कधी कोणी मोजतही नाही.

---

जुनी_पेठ

कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका कोणाला आठवतात का असं विचारणार होते, पण मी दुसऱ्या बाजूची आहे. माझी आजी आणि आई हाच धंदा करायच्या. तुम्ही लोक बोहारीण म्हणता, भांडीवाली म्हणता.

दारावर उभं राहून पातेलं दाखवायचं, आतून बाई दोन साड्या आणि एक पँट आणते, आई म्हणते अजून एक द्या, बाई म्हणते डबाच दे मोठा. दोघींनाही पूर्ण मोकळीक. अर्धा तास घासाघीस होऊनही व्यवहार न होता उठावं लागे. निळी_शाईंच्या कसोटीला हा धंदा उतरतो.

पण तो दारात दिसतो तेवढाच नाही. भांडी आई दुकानातून उधारीवर उचलायची, ते देणं रोख. कपडे घरी आणून निवडायचे, धुवायचे, बटणं लावायची, रफू करायचं, इस्त्री करायची. मग पहाटे बाजारात विकायचे, तेही रोख. गिऱ्हाईक म्हणजे बांधकामावरचे, हमाल, ज्यांना नवी पँट परवडत नाही असे. अदलाबदल फक्त मधल्या पायरीवर होती आणि नुकसानीची सगळी भीती आईच्या अंगावर. पातेल्याची किंमत पक्की ठाऊक, पण साडी घडीत विरलेली आहे हे उजेडात नेल्यावर कळणार. जरीची साडी मिळाली तर तो दिवस चांगला, कारण जरीला वेगळा भाव होता.

नोटाबंदीच्या वेळी लोक म्हणत होते की तुमचं बरं, तुम्हाला पैसा लागतच नाही. 2016 चा तो नोव्हेंबर-डिसेंबर आम्हाला फार जड गेला. दारावर भांडी देऊन कपडे मिळत होते, पण बाजारात ते घ्यायला कोणाकडे सुटे नव्हते आणि भांडीवाल्याची उधारी तशीच उभी.

माझी आई डोक्यावर वीस-पंचवीस किलोचा भारा घेऊन जिने चढायची. तुमच्या घरात त्या काळचा एखादा स्टीलचा डबा असेल तर त्यामागे हे कष्ट आहेत, एवढी ओळख या धाग्यात राहावी असं वाटलं.

---

लांबचा_मुलूख

जुनी_पेठ, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

थोडं बाहेरचं, पण मुद्द्याला धरून. मी काही वर्षं अर्जेंटिनात नोकरीला होतो. तिथे 1995 मध्ये ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेला बर्नाल या उपनगरात शेजारीपाजारी मिळून अदलाबदलीची मंडळी सुरू झाली. कोणी पाव भाजून आणायचं, कोणी केस कापायचं, कोणी शिवण. सुरुवातीला कोणी किती दिलं-घेतलं याची नोंद ठेवत. मंडळ्या वाढल्या तशी नोंद झेपेना, म्हणून क्रेदितो नावाच्या कागदी चिठ्ठ्या छापल्या.

डिसेंबर 2001 मध्ये सरकारने बँकेतून पैसे काढण्यावर बंधन घातलं. लोकांचा पैसा खात्यात होता आणि हातात काही नाही. तेव्हा लाखो माणसं या मंडळ्यांत आली. चर्चच्या आवारात, बंद पडलेल्या कारखान्यांत बाजार भरू लागले. कित्येक घरांनी त्या काळात यावरच दिवस काढले.

आणि 2002 सरता सरता बहुतेक सगळं कोसळलं. चिठ्ठ्या बेसुमार छापल्या गेल्या, खोट्याही निघाल्या. पीठ, तेल, साखर बाजारातून नाहीशी झाली, कारण ती आणायला बाहेर खरा पैसा लागत होता. उरले जुने कपडे आणि घरगुती केक, ज्यांना चिठ्ठ्यांत भलतेच भाव. ज्या लहान मंडळ्या आपापली चिठ्ठी आपल्यापुरती ठेवून होत्या, त्यांतल्या काही टिकल्या. तिथे माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती.

आवणी यांच्या सावडीत सहा-सात घरं असतात. ती सत्तर झाली तर चालेल का, याचा विचार करून बघा.

---

ब्रह्मपुत्रेकाठी

अदलाबदलीचा प्रत्यक्ष बाजार बघायचा असेल तर आसाममध्ये मोरीगाव जिल्ह्यात जोनबील मेळा भरतो, जानेवारीत, माघ बिहूच्या सुमारास. नोकरीमुळे इकडे आहे म्हणून बघता आला. डोंगरातले तिवा, कार्बी, खासी लोक आलं, हळद, मिरची, कंद घेऊन उतरतात. मैदानातले लोक पिठा (तांदळाचा खाऊ), पोहे, सुकी मासळी आणतात. व्यवहार भल्या पहाटे सुरू होतो, तराजू नाही. तिवांच्या पारंपरिक गोभा राजाच्या वतीने सगळ्या मेळ्याची देखरेख होते. खाडीपलीकडे, तुमची सुकी मासळी इथेही आहे!

---

ताळेबंद

कायद्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. शेजारधर्माच्या सावडीला यातलं काही लागू नाही, पण धंदा म्हणून अदलाबदल करणाऱ्यांनी वाचावं.

वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या कायद्यात कलम 7 मध्ये पुरवठ्याच्या व्याख्येतच विक्रीबरोबर विनिमय आणि अदलाबदल हे शब्द आहेत. नोंदणीकृत छपाईवाल्याने हॉटेलवाल्याला मेनूकार्ड छापून दिली आणि बदल्यात महिनाभर कामगारांचं जेवण घेतलं, तर दोघांनीही पुरवठा केला. दोघांनाही कर लागू शकतो. किंमत कशी धरायची हे नियम 27 सांगतो: खुल्या बाजारात त्या वस्तूची जी किंमत, ती. नियमात उदाहरणच आहे. जुना फोन देऊन नवा 20 हजारांना घेतला आणि जुना न देता तो 24 हजारांना मिळाला असता, तर कर 24 हजारांवर.

नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला सर्वसाधारणपणे सेवांसाठी 20 लाख आणि फक्त वस्तूंसाठी 40 लाखांची उलाढाल. त्याखालच्यांना ही काळजी नाही. प्राप्तिकरातही धंद्यातून मिळालेला लाभ पैशात नसला तरी उत्पन्नच. दोन्ही बाजूंनी एकमेकांना बिल द्या, भानगड राहत नाही.

---

तिसरा_मजला

पुण्यात सोसायटीत राहतो. निवृत्त मंडळी बरीच, तरुण जोडपीही. मनात असं आहे की कामांची अदलाबदल सुरू करावी. कोणी मुलांना गणित शिकवेल, कोणी ज्येष्ठांना दवाखान्यात नेईल, कोणी नळ-बटणं दुरुस्त करेल, कोणी ब्लाउज शिवून देईल. तासाला तास. हा धागा वाचून बळ आलं आणि भीतीही वाटली. सांभाळायचं काय?

---

आवणी

गट लहान ठेवा. एका जिन्याचा एक गट. नोंद सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर. आणि ज्याच्याकडे खूप तास साचलेत त्याला खर्च करायला लावा, नाहीतर तोच पुढे कंटाळतो. आमच्याकडे फेडणारा जसा लागतो तसा मागणाराही लागतो.

सामान वेगळं धरा. शिलाईचा तास फुकट, पण अस्तर, धागा यांचे पैसे रोख.

---

निळी_शाई

एक विनंती. सोसायटीत झाडू-भांडी, वॉचमनकी, कचरा उचलणं करणाऱ्यांना यात ओढू नका. त्यांना पगार रोख आणि वेळेवर द्या. बोनसच्या जागी जुनी साडी किंवा शिळं अन्न देऊन त्याला देवाणघेवाण म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यांना स्वतःहून सहभागी व्हायचं असेल, तर त्यांच्या तासाची किंमत डॉक्टरांच्या तासाएवढीच धरली जाणार का, ते आधी सभेत विचारा. उत्तर हो आलं तर मी स्वतः येऊन मदत करेन. मीही पुण्यातच असतो.

---

तिसरा_मजला

विचारतो. रविवारी जिन्यातल्या बारा घरांची बैठक आहे. मसुदा असा: गट बारा घरांचा, तासाला तास, कोणाचंही काम असो. कोणाच्याही नावावर दहा तासांपेक्षा जास्त देणं चढू द्यायचं नाही. सामानाचे पैसे रोख. नाही म्हणायला कारण द्यावं लागणार नाही. आजारपणात दिलेले तास मोजायचे नाहीत. कामगारांचे पगार याच्या बाहेर.

फळा लिफ्टशेजारी लावतोय. निळी_शाई, रविवारी संध्याकाळी 6 ला जमेल का? पत्ता व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) कळवतो.